वॉर्डाबाहेरचे आईबाप

लंडनच्या गायज हॉस्पिटलात १९४९ साली मूल दाखल असलेल्या आईबापांना त्याला भेटता यायचं ते फक्त रविवारी, दुपारी दोन ते चार. सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिला महिनाभर भेटच नाही. संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेलं मूल पाहून जायची तेवढी परवानगी. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलांना कोणीच भेटायचं नाही, पार्टिशनच्या पलीकडून पाहायचं. त्या वर्षी एका आढाव्यात शहरातल्या मोठ्या रुग्णालयांची ही वेळापत्रकं ओळीनं छापली गेली.

या नियमांमागे दुष्टपणा नव्हता. पालक बाहेरून जंतू घेऊन येतात, अशी भीती होती. आई निघाली की मूल रडतं, त्याचं पाहून शेजारची चार मुलं रडतात आणि वॉर्डाची घडी विस्कटते, हा नर्सेसचा रोजचा अनुभव होता. दोन-तीन दिवस रडून मूल गप्प झालं की ते रुळलं असं मानायचे. त्या दोन-तीन दिवसांत घरी बसलेल्या आईचं काय होत असेल, हा प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. डॉक्टरांच्या दृष्टीनं पालक मुलाला आणून सोडणारे आणि बरं झाल्यावर घेऊन जाणारे लोक होते.

कर्करोग झालेल्या मुलांच्या पालकांना मानसिक आधार लागतो, ही गोष्ट आज कोणत्याही चांगल्या बालकर्करोग विभागात गृहीत धरली जाते. पण ती वैद्यकाला सुचायला आणि मग पटायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. या अर्ध्या शतकाच्या इतिहासात डॉक्टर आहेत, संशोधक आहेत, पण निर्णायक वळणांवर बहुतेक वेळा खुद्द पालकच उभे दिसतात.

दार उघडण्याची पहिली धडपड मात्र एका समाजकार्यकर्त्याची होती. स्कॉटलंडमध्ये वाढलेले जेम्स रॉबर्टसन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या शिशुगृहात काम करत होते. पुढे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करताना त्यांनी रुग्णालयांतल्या मुलांचं निरीक्षण सुरू केलं. रुळलेलं मूल खरं तर हताश झालेलं असतं, असं त्यांना दिसत होतं; पण डॉक्टर ऐकून घेत नव्हते. तेव्हा त्यांनी कॅमेरा हाती घेतला. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या, अडीच वर्षांचीही न झालेल्या लॉरा नावाच्या मुलीवरचा त्यांचा चित्रपट १९५२ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला गेला. सभागृहातले बरेच डॉक्टर संतापले. रुग्णालयांची बदनामी केल्याचा आरोप झाला. पण चित्रपट फिरत राहिला आणि १९५९ साली ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं भेटीच्या वेळांचं बंधन काढावं, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावं, अशी शिफारस केली. शिफारस कागदावरच राहतेय असं पाहून १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली आणि गावोगावच्या रुग्णालयांकडे पाठपुरावा सुरू केला.

भारतात हे दार कधी इतकं घट्ट बंद नव्हतं. इथल्या सार्वजनिक रुग्णालयांत नर्सेस कमी आणि रुग्ण फार, त्यामुळे पेशंटसोबत घरचं माणूस असणं ही सोय होती आणि रीतही. अंग पुसायचं, भरवायचं, औषधाची चिठ्ठी घेऊन पळायचं, रक्तासाठी माणसं गोळा करायची, रिपोर्ट आणायचे, हे सगळं नातेवाइकानं करायचं. रुग्णालयाला त्याचे हातपाय हवे होते. त्याच्या झोपेची, जेवणाची, भीतीची व्यवस्था मात्र कोणाच्या खात्यात नव्हती. लंडनचे आईबाप दाराबाहेर ठेवले गेले, मुंबईचे आईबाप दाराच्या आत गृहीत धरले गेले. दोन्हीकडे त्यांच्या मनाकडे पाहणारं कोणी नव्हतं.

बालकर्करोगाच्या बाबतीत हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती एका औषधामुळे. बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलातले विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. ते औषध आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालं होतं. १९४८ साली फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: सोळा मुलांपैकी दहांमध्ये आजार मागे हटला होता. कायमचा नव्हे, काही आठवडे किंवा महिने. पण त्याआधी हा आजार झालेलं मूल पाहता पाहता जात असे. आता ते पुन्हा खेळू लागत होतं, जेवत होतं आणि आजार परत येणार हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

आईबापांच्या वाट्याला एक नवाच काळ आला. पूर्वी धक्का आणि शोक एकमेकांना लागून येत. आता मध्ये एक मुदत मिळाली आणि त्या मुदतीत रोज उठून जगायचं होतं. दर आठवड्याला रक्त तपासायचं, आकड्यांकडे पाहायचं, घरातल्या दुसऱ्या मुलांना शाळेत पाठवायचं, नोकरी सांभाळायची, मुलासमोर हसायचं. पालकांच्या भावनिक आधाराची गरज ठळक झाली ती उपचारांच्या यशामुळे. औषध जसजसं चांगलं होत गेलं, तसतशी ही मुदत लांबत गेली आणि आधाराची गरजही तिच्याबरोबर वाढत गेली.

फार्बर यांना हे लवकर उमगलं. मूल आणि त्याचं कुटुंब हे एकच एकक मानून उपचार करायचे, त्यात औषधाबरोबर पैशाची, मनाची आणि घरची अडचणही पाहायची, असा त्यांचा आग्रह होता. त्याला ते संपूर्ण काळजी म्हणत. १९४८ साली रेडिओवरच्या एका कार्यक्रमातून सुरू झालेल्या जिमी फंडाच्या देणग्यांवर उभी राहिलेली त्यांची इमारत १९५२ मध्ये सुरू झाली. तिथे मुलं दिवसा उपचार घेऊन आईबापांसोबत घरी जाऊ शकत. डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते, आहारतज्ज्ञ एकाच छताखाली बसत.

त्याच दशकात संशोधकांनी प्रथमच पालकांशी सविस्तर बोलायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या बोझमन, ऑर्बाक आणि सदरलँड यांनी १९५५ साली ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर आठ वर्षांनी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून स्टॅनफर्ड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला: २७ मुलांचे ४६ आईबाप. दूरच्या राज्यांतून आलेल्या पालकांना रुग्णालयातच एका वॉर्डात राहायला जागा दिली होती. त्यांच्याशी नियमित मुलाखती होत. ताण वाढला की शरीरात वाढणारी संप्रेरकं त्यांच्या लघवीतून मोजली गेली. ज्यांच्या मुलांच्या प्रत्येक पेशीचा हिशेब ठेवला जात होता, त्या आईबापांच्या शरीराकडे विज्ञानानं प्रथमच वळून पाहिलं.

त्या पालकांनी जे सांगितलं ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ओपीडीत बसलेल्या कोणत्याही आईला ओळखीचं वाटेल. सगळ्यांत आधी अपराधीपणा. ताप आला होता तेव्हाच का नाही नेलं, तो पडला होता तेव्हा काही झालं असेल का, आपण काही खायला घालण्यात चुकलो का. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, तुमच्या कोणत्याही कृतीमुळे हे झालेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं तर फार मोठं ओझं उतरतं, ही नोंद त्या अभ्यासात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे माहितीची भूक. मिळेल ते वाचायचं, दिसेल त्याला विचारायचं. तिसरी गोष्ट संशोधकांनाही अनपेक्षित होती. आजी-आजोबा आणि जवळचे नातेवाईक धीर देण्याऐवजी बऱ्याचदा भार वाढवत होते. मूल किती छान दिसतंय, डॉक्टर चुकत असतील, दुसरीकडे दाखवा, असं ते म्हणत. मग आईबापांना आपलं दुःख बाजूला ठेवून त्यांचीच समजूत घालावी लागे. आणि खरा आधार कोणाचा वाटला, या प्रश्नाचं उत्तर होतं: त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या मुलांच्या आईबापांचा.

महाराष्ट्रातल्या घरांत या नातेवाइकांच्या वागण्याला आपले रंग आहेत. कोणाची दृष्ट लागली, कोणता नवस फेडायचा राहिला, देवाचं काय चुकलं, याची चर्चा सुरू होते आणि ती हळूहळू मुलाच्या आईवर येऊन थांबते. गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल, तिच्या माहेरी कोणाला होतं का विचारा. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजाराचं नावच घ्यायचं नाही, रक्त कमी आहे एवढंच सांगायचं. हा आजार संसर्गानं पसरत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगूनही शेजारचे आपली मुलं खेळायला पाठवत नाहीत. अशा आईला मुंबईच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाई जवळची वाटते. तिच्यापुढे लपवायला काही नसतं. कोणाच्या रक्तपेशींचे काउंट किती पडले, पुढचा केमो कधी, तोंडात फोड आल्यावर मूल काय खातं, हे बोलता बोलता त्या दोघींना एकमेकींच्या घरचं सगळं कळलेलं असतं.

बेथेस्डातच १९६० च्या दशकात आणखी एक कोंडी फुटली. मुलाला त्याच्या आजाराबद्दल काही सांगायचं नाही, अशी तेव्हा सर्वत्र रीत होती. आईबापांनी बाथरूममध्ये जाऊन रडायचं आणि डोळे पुसून परत यायचं. जोएल व्हर्निक आणि मायरन कॅरन यांनी १९६५ साली लिहिलेल्या लेखात दाखवलं की मुलांना बरंच काही आधीच कळलेलं असतं. गप्प राहण्यानं ती एकटी पडतात. त्यांच्या वॉर्डात मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं दिली जाऊ लागली. यातून पालकांचाही एक भार हलका झाला: सतत नाटक करण्याचा.

एव्हाना बरं होणाऱ्या मुलांची संख्या वाढू लागली होती. मेम्फिसमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं आणि मेंदूकडचे उपचार एकत्र आणले. १९७० च्या सुमारास तिथल्या ल्युकेमियाग्रस्त मुलांपैकी निम्मी मुलं कायमची बरी होऊ शकतात असं दिसू लागलं. उपचार काही महिन्यांवरून काही वर्षांवर गेले. आता आईबापांना घर, नोकरी आणि रुग्णालय या तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं एकाच वेळी असावं लागणार होतं.

पालक एकत्र आले ते याच टप्प्यावर. १९७० साली वॉशिंग्टनमध्ये काही आईबापांनी कँडललायटर्स नावाची संघटना उभी केली. तिच्या कामाला दोन अंगं होती: एकमेकांचे फोन रात्री-अपरात्री घेणं आणि काँग्रेसच्या सदस्यांकडे जाऊन बालकर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे मागणं. चार वर्षांनी फिलाडेल्फियात घराचा प्रश्न सुटायला सुरुवात झाली. फुटबॉलपटू फ्रेड हिल यांची लहान मुलगी किम ल्युकेमियानं आजारी होती. रुग्णालयाच्या खुर्च्यांवर झोपणारे आणि यंत्रातून नाणं टाकून निघेल ते खाणारे आईबाप त्यांनी रोज पाहिले. त्याच शहरातल्या बालकर्करोगतज्ज्ञ ऑड्री एव्हन्स यांनाही अशा कुटुंबांसाठी रुग्णालयाजवळ एक घर हवं होतं. हिल यांचा संघ आणि एक खाद्यपदार्थ कंपनी यांच्या मदतीनं ऑक्टोबर १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं. दिवसभराचे उपचार आटोपल्यावर तिथल्या स्वयंपाकघरात आईबाप एकमेकांना भेटत. बेथेस्डाच्या अभ्यासात जी गोष्ट नोंदवली गेली होती, ती या घरात रोज घडू लागली.

मुंबईत ही कहाणी वेगळ्या वाटेनं आली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या आणि पुढच्या वर्षी दोराबजीही. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं पुढच्या दहा वर्षांत दोन संस्था उभ्या केल्या: १९३६ साली समाजकार्याचं पदवीनंतरचं शिक्षण देणारी शाळा, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय. रुग्णाच्या घरच्या परिस्थितीकडे पाहणारा प्रशिक्षित माणूस रुग्णालयात हवा, ही कल्पना मुंबईत याच शाळेतून आली. देशातली पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती १९४६ साली जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. १९५१ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. पण बरा न होणारा रोग अशीच ज्याची ख्याती होती, त्या आजारात मुलांच्या पालकांसाठी वेगळं काही करावं एवढा अवकाश अजून नव्हता.

परळ तेव्हा गिरण्यांचं होतं. भोंग्यावर उठणारे कामगार, चाळी, खानावळी आणि त्यांच्यामध्ये देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून रुग्ण येणारं एक रुग्णालय. गोव्याचे सुपुत्र, शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी या रुग्णालयाचं नाव गरिबांच्या मनात रुजवलं. आज रुग्णालयाच्या दारातला रस्ता त्यांच्या नावाचा आहे. त्याच रस्त्याच्या फुटपाथवर प्लास्टिकचे कागद ताणून राहणारी कुटुंबं ही अनेक दशकं मुंबईकरांची सवयीची दृश्यं झाली.

या कुटुंबांना पहिला निवारा मिळाला तो संतपरंपरेतून. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशीच मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही बांधली. रुग्णासोबत गावाहून आलेला माणूस हाही वारकऱ्याइतकाच आसऱ्याचा धनी आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या पश्चात दादर पूर्वेला उभी राहिलेली गाडगे महाराज धर्मशाळा मुख्यतः टाटाच्या रुग्णांचीच झाली. १९६८ साली परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती सुरू झाली आणि बाहेरगावच्या रुग्णांना राहायला जागा मिळू लागली. बोर्जेस यांच्या नावानं वांद्र्यात एक घर झालं. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत ट्रस्टनं १९८० च्या दशकात रुग्णांना आणि सोबतच्या माणसांना जेवण द्यायला सुरुवात केली आणि पुढे आजारी मुलांसाठी खेळण्यांची पेढीही चालवली. यांतल्या कोणीही आपल्या कामाला समुपदेशन म्हटलं नाही. पण धर्मशाळेच्या व्हरांड्यात बुलढाण्याची आई आणि समस्तीपूरची आई मोडक्यातोडक्या हिंदीत एकमेकींना सांगत की, माझ्याचेही केस गेले होते, परत आले, त्या वेळी बेथेस्डाच्या संशोधकांनी नोंदवलेलाच आधार परळ-दादरमध्ये मिळत होता.

औषधानं इथेही मुदत वाढवली. टाटामध्ये १९८४ च्या सुमारास डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयन मॅग्रथ यांनी भारतीय परिस्थितीत परवडेल आणि झेपेल असा ल्युकेमियाचा उपचारक्रम आखला. एमसीपी-८४१ या नावानं तो ओळखला जातो. त्याआधी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी पाचातलं जेमतेम एक वाचत असे. या उपचारांनी ते प्रमाण निम्म्याच्या आसपास नेलं. पण उपचार लांबलचक होते. पहिले काही महिने मुंबईतच राहणं भाग होतं. वडील बहुधा गावी परतत, कारण कोणीतरी कमवायला हवं. जमीन गहाण पडे, जनावरं विकली जात. आई मुलाला घेऊन मुंबईत राही आणि दुसरी मुलं आजीकडे.

काउंट पडले की मुलाला साधा ताप म्हणजेही धोका. फुटपाथवर, गर्दीच्या धर्मशाळेत राहून केमोचा पुढचा डोस घेणं म्हणजे एका हातानं वाचवायचं आणि दुसऱ्या हातानं जंतूंच्या तोंडी द्यायचं. बरी होऊ शकणारी मुलं अर्ध्यातून परत नेली जात होती. चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उपचार थांबले की डॉक्टर त्याला उपचार सोडून देणं म्हणतात. गरीब देशांत बालकर्करोगानं होणाऱ्या अनेक मृत्यूंमागे हेच कारण असतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा पालकांचा निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात पैसे संपलेले असतात, राहायला जागा नसते, घरून परत या असे निरोप येत असतात आणि समोर केस गेलेलं, उलट्या करणारं मूल असतं, जे आजारापेक्षा औषधानंच मरेल असं त्या आईला वाटू लागलेलं असतं. ती भीती कोणाजवळ तरी बोलता आली, तर पुष्कळदा आई थांबते.

हे ओळखून २००६ साली श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर सुरू केलं, आठ कुटुंबांपासून. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वच्छ जागा, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आणि त्यात प्रत्येक आईची वेगळी शेगडी. ही शेगडी फार विचारानं ठेवलेली होती. रुग्णालयात आईच्या हातात काही उरत नाही. सुई कोणती, औषध किती, घरी कधी जायचं, सगळं दुसरे ठरवतात. मुलाच्या आवडीची मऊ खिचडी आपल्या हातानं शिजवून त्याला भरवणं हे तिच्याकडे परत आलेलं एक काम होतं. बाकी सोयींमध्ये समुपदेशन, मुलांचे वर्ग, रुग्णालयात नेणारी गाडी. पुढे कॉटन ग्रीनला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं अशीच मोठी वसाहत झाली आणि संस्था देशातल्या इतर शहरांतही पोचली.

रुग्णालयाच्या आतही बदल होत होते. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर सुरू केली. स्वतः हा आजार भोगलेले किंवा घरच्यांचा पाहिलेले स्वयंसेवक रुग्णांशी बोलू लागले. दिल्लीत पूनम बगई यांनी, त्याही कर्करोगातून बऱ्या झालेल्या, २००४ मध्ये कॅनकिड्स उभी केली. पालकांचे आधारगट हा तिचा एक मुख्य खांब. टाटामध्ये २०१० साली इम्पॅक्ट फाउंडेशन सुरू झालं आणि पैशाची मदत, राहण्याची सोय, आहार, समुपदेशन, गावी गेलेल्या कुटुंबाचा फोनवरून पाठपुरावा, हे सगळं एका साखळीत आलं. उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण त्यानंतर झपाट्यानं उतरलं. ज्याला मऊ काम समजलं जात होतं, त्यानं मुलांचे जीव वाचवले होते.

बरं झाल्यावर तरी पालकांची सुटका होते का? बॉस्टनच्या कूकर आणि ओमॅली यांनी १९८१ सालच्या पुस्तकात बऱ्या झालेल्या मुलांच्या घरांचा मागोवा घेतला, तेव्हा प्रत्येक तापाबरोबर, प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री परत येणारी भीती त्यांना सापडली. १९९४ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपल्या निदानसूचीत, आपल्या मुलाला जीवघेणा आजार झाल्याचं कळणं हाही आघातोत्तर ताणाला कारण ठरणारा अनुभव मानला. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या निदानात आयांना जागा मिळाली. टाटामध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला होता. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीअंतर्गत उगम हा बऱ्या झालेल्या मुलामुलींचा गट आला. कधीकाळी याच दवाखान्याच्या बाकावर बसलेला तरुण समोर येऊन आपली नोकरी, आपलं लग्न सांगतो, तेव्हा नुकतंच निदान झालेल्या मुलाच्या आईला त्यातून जे मिळतं ते कोणत्याही माहितीपत्रकातून मिळत नाही.

आधार मोजूनही दाखवता येतो. ऑली जेन साहलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ४३० आयांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एकेका तासाच्या आठ बैठकांत आयांना समोरची अडचण ओळखणं, पर्याय लिहून काढणं, एक निवडणं आणि करून पाहणं शिकवलं गेलं. त्यांची उदासी आणि चिंता कमी झाली. सर्वाधिक फायदा तरुण आणि एकट्या आयांना झाला, तसाच स्पॅनिश बोलणाऱ्या, म्हणजे परक्या भाषेच्या रुग्णालयात अडकलेल्या आयांनाही. ही शेवटची नोंद मुंबईनं गांभीर्यानं घ्यावी अशी आहे. मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा झारखंडमधली संथाळी बोलणारी आई डॉक्टरांचं हिंदी समजल्यासारखी मान हलवते, कारण पुन्हा विचारायला तिला संकोच वाटतो.

२०१५ साली उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी बालकर्करोगातल्या मनोसामाजिक काळजीचे पंधरा निकष प्रसिद्ध केले. पालकांच्या मानसिक आरोग्याची तपासणी निदानापासूनच सुरू करावी आणि पुढेही चालू ठेवावी, भावंडांना मदत मिळावी, मूल गेल्यानंतर उपचार करणाऱ्या चमूतल्या कोणीतरी कुटुंबाशी संपर्क साधावा, असं त्यांत आहे. भारतात या निकषांपुढे अजून मोठी कामं बाकी आहेत. बाप हा बहुतेक आधारगटांच्या बाहेर आहे. तो गावी असतो, कर्जाच्या मागे असतो आणि पुरुषानं रडू नये अशा वातावरणात असतो. भावंडं तर कोणाच्याच यादीत नाहीत. आजीकडे ठेवलेल्या थोरल्या मुलीची शाळा सुटते, हे पुष्कळदा परतल्यावरच कळतं.

सर्वांत दूर गेलेले असतात मूल गमावलेले आईबाप. ज्या दिवशी त्यांना आधाराची सगळ्यांत जास्त गरज असते, त्याच दिवशी त्यांचा रुग्णालयाशी संबंध संपतो; धर्मशाळेतली खोली रिकामी करावी लागते आणि महिनोन्‌महिने ज्या बायकांनी एकमेकींना सावरलं त्यांची ताटातूट होते. गावी मात्र एवढा पैसा घालून काय मिळालं, हा प्रश्न वाट पाहत असतो. त्या घरी महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षश्राद्धाच्या सुमारास एक फोन जाणं अवघड नाही. उपचार चालू असताना गैरहजर मुलांच्या घरी फोन करण्याची पद्धत मुंबईत बसलेली आहेच. तीच यादी आणि तोच फोन या कुटुंबांसाठी वापरता येईल. त्यासाठी आईच्या भाषेत बोलणारा समाजकार्यकर्ता किंवा समुपदेशक हवा आणि त्याचा पगार एखाद्या देणगीदाराच्या दर वर्षीच्या निर्णयावर न टांगता, बालकर्करोग विभागाच्या मंजूर पदांत, नर्स आणि औषधनिर्मात्याच्या शेजारी लिहिलेला हवा.